टोकियोतला एक दिवस ॲनिमे आणि गाचासाठी: नशिबाचे पैसे वेगळे, निवडीचे वेगळे

प्रश्न पुण्याच्या एका कुटुंबाचा आहे. आई-वडील, चौदा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा दिवाळीच्या सुट्टीत टोकियोला येणार आहेत आणि सहलीतला एक पूर्ण दिवस मुलांच्या खरेदीचा ठरला आहे. मुलीला तिच्या आवडत्या ॲनिमेतलं, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेतलं, एक ठरावीक पात्र हवं आहे. मुलाला गाचा, म्हणजे नाणं टाकून कॅप्सूलमधलं खेळणं काढायची यंत्रं, पाहायची आहेत आणि एक गुंडाम, म्हणजे भाग जोडून उभा करायचा यंत्रमानव, घ्यायचा आहे. आई-वडील विचारतात: टोकियोतला अकिहाबारा हा भाग पुरेल का, पैसे किती ठेवायचे, यंत्रातून हवं तेच निघतं का आणि एवढं सगळं नीट घरी कसं न्यायचं?

मी टोकियोत राहते, कॅप्सूल खेळणी आणि जुने फिगर, म्हणजे ॲनिमेतल्या पात्रांच्या छोट्या मूर्ती, गोळा करते. भारतातून येणाऱ्या ओळखीच्यांना या दुकानांतून फिरवणं आता माझ्या अंगवळणी पडलं आहे. त्यावरून पहिली गोष्ट सांगते: दिवसाचे पैसे सकाळीच दोन पाकिटांत घाला. एक पाकीट नशिबाचं, दुसरं निवडीचं. कॅप्सूलची यंत्रं, बंद पुडीतले बिल्ले, यांत्रिक पंजाने बक्षीस उचलायचे क्रेन गेम आणि दुकानातली सोडत हे सगळं नशिबाच्या पाकिटातून. जे ठरवून हवंय, ते निवडीच्या पाकिटातून, आणि तेही डोळ्यांनी पाहून, उघड्या किमतीला. या खरेदीतली बहुतेक निराशा एकाच कारणाने येते: ठरावीक वस्तू नशिबाच्या यंत्रातून काढायचा हट्ट. पुढचं सगळं याच हिशेबाने वाचा.

आता जागा. अकिहाबारा, इकेबुकुरो आणि नाकानो ही तीन ठिकाणं. तिन्ही एका दिवसात करू नका. दुकानं आठ-आठ मजली असतात, मुलं प्रत्येक मजल्यावर थांबतात, तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत कुणाच्याही पायात जोर राहत नाही. तुमच्या घरासाठी मी सकाळ इकेबुकुरोला आणि दुपार अकिहाबाराला देईन. मुलाला गुंडाम नको असता तर दुपारी नाकानो सुचवलं असतं. ते का, हे पुढे येईल.

वार मंगळवार किंवा गुरुवार ठेवा. शनिवार-रविवारी यंत्रांसमोर आणि नाणी सुट्टी करायच्या मशीनसमोर रांगा असतात. रविवारी दुपारी १ नंतर अकिहाबाराचा मुख्य रस्ता, चुओ-दोरी, गाड्यांसाठी बंद करून चालणाऱ्यांना मोकळा देतात. ते दृश्य पाहण्यासारखं असतं, पण खरेदीच्या दृष्टीने तो सगळ्यात अवघड दिवस. ३ आणि २३ नोव्हेंबरला जपानमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, तेही टाळा.

इकेबुकुरो स्टेशनातून पूर्वेकडच्या दाराने बाहेर पडा. सनशाइन सिटी हे दुकानांचं मोठं संकुल तिथून चालत दहाएक मिनिटांवर आहे. ॲनिमेच्या वस्तू विकणाऱ्या ॲनिमेट या साखळीचं मुख्य दुकान वाटेतच लागतं, पण आधी सनशाइन सिटी गाठा. तिथल्या वर्ल्ड इंपोर्ट मार्ट इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर गाशापोन डिपार्टमेंट स्टोअर आहे. ते २०२१ मध्ये उघडलं आणि एका जागी सर्वाधिक कॅप्सूल यंत्रं म्हणून ३,०१० यंत्रांचा गिनीज विक्रम त्याच्या नावावर आहे. दुकानं उघडायच्या वेळी, म्हणजे सकाळी दहाला पोचलात तर पहिला तासभर जागा मोकळी मिळते.

आत गेल्यावर पहिली वीस मिनिटं नाणं टाकायचं नाही, नुसतं फिरायचं, असा नियम मी प्रत्येक मुलाला घालते. हजारो यंत्रं एकदम समोर आली की पहिल्या रांगेतच निम्मे पैसे जातात आणि शेवटच्या रांगेत खरी आवडीची वस्तू दिसते. फिरताना आवडलेल्या यंत्राचा फोनवर फोटो काढायचा. नंतर एका बाजूला उभं राहून त्या फोटोंतून तीन-चार यंत्रं निवडायची आणि मग नाणी. मुलांना हे फोटो काढायचं कामही फार आवडतं.

यंत्र कसं चालतं ते नीट समजून घ्या. दर्शनी बाजूला एक छापील कार्ड असतं. त्यावर किंमत असते आणि त्या मालिकेत एकूण किती प्रकार आहेत ते चित्रांसह दाखवलेलं असतं, बहुधा पाच किंवा सहा. आजकाल बहुतेक यंत्रं एका फेरीला ३०० ते ५०० येन घेतात. १०० येन म्हणजे साधारण ५५ ते ६० रुपये. नाणी फक्त १०० येनची चालतात. शेजारी सुट्टे देणारं यंत्र असतं, त्यात १,००० येनची नोट घातली की दहा नाणी पडतात. मोठ्या नोटा तिथे चालतीलच असं नाही, म्हणून आदल्या रात्री कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे रोजच्या वस्तूंच्या छोट्या दुकानात, काहीतरी घेऊन १०,००० ची नोट मोडून ठेवा. काही नव्या यंत्रांवर रेल्वेचं सुइका कार्डही चालतं, पण भरवसा नाण्यांवरच ठेवा.

नाणी टाकून झाल्यावर यंत्रावरचा गोल दट्ट्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पूर्ण फिरवायचा. अर्ध्यात अडकला तर जोर लावू नका, दुकानातल्या माणसाला बोलवा. ते लगेच येतात आणि किल्लीने उघडून कॅप्सूल काढून देतात. नाणी टाकल्यावर मन बदललं तर दट्ट्या फिरवण्याआधी परतीचं बटण दाबा, नाणी परत येतात. कॅप्सूल तिथेच उघडा. आतला छापील कागद, सुटे भाग आणि खेळणं एका लहान झिपच्या पिशवीत घाला आणि रिकामं कवच दुकानातल्या गोळा करायच्या पेटीत टाका. ही कवचं हॉटेलवर नेलीत तर बॅगेची निम्मी जागा हवाच खाईल. घरून पंचवीस-तीस झिपच्या पिशव्या आणा. सुटे भाग हरवण्याचा प्रश्न एवढ्यानेच मिटतो.

यंत्रातून हवं तेच निघतं का? नाही. कार्डावर पाच प्रकार असतील आणि सगळे सारख्या संख्येने भरलेले आहेत असं धरलं, तरी हवं ते पात्र एका फेरीत मिळायची शक्यता पाचात एक. पाच फेऱ्या मारल्या की मिळेलच असं अनेकांना वाटतं. पण गणित तसं चालत नाही. पाच फेऱ्यांत ते पात्र निदान एकदा मिळायची शक्यता ६७ टक्के आहे, म्हणजे पाच वेळा नाणी टाकणाऱ्या दर तिघांतला एक जण रिकाम्या हाताने परततो. दहा फेऱ्यांनंतरही ही शक्यता ८९ टक्क्यांपर्यंतच जाते. पाचाचा पूर्ण संच जमवायला सरासरी साडेअकरा फेऱ्या लागतात. ४०० येनच्या यंत्रात हे सुमारे ४,६०० येन होतात. सहा प्रकार असतील तर फेऱ्या पावणेपंधरा आणि खर्च ५,९०० येनच्या घरात.

मुलीला हे गणित आदल्या दिवशी कागदावर करून दाखवा. चौदा वर्षांच्या मुलीला ते सहज कळतं. एकदा कळलं की ती यंत्रासमोर रडवेली होत नाही, स्वतःच ठरवते. माझा नियम असा आहे: ज्या यंत्रातले निदान तीन प्रकार मिळाले तरी आनंद होईल, त्याच यंत्रात नाणी टाकायची. पाचांतला एकच हवा असेल तर त्या यंत्राचा फोटो काढून पुढे जायचं आणि दुपारी जुन्या वस्तूंच्या दुकानात तो एक सुटा विकत घ्यायचा.

म्हणून ॲनिमेच्या पात्रांपेक्षा विचित्र वस्तूंच्या यंत्रांवर नशिबाचे पैसे खर्च करणं मला जास्त आवडतं. कॅप्सूल खेळण्यांची खरी श्रीमंती तिथे आहे. बोटाएवढी घडीची खुर्ची, अंगठ्याएवढा गॅस सिलेंडर, खऱ्या कंपन्यांच्या डब्यांच्या हुबेहूब लहान प्रती, झोपलेले प्राणी, रेल्वे फलाटावरची बटणं. यातलं कुठलंही निघालं तरी हसू येतं. या वस्तूंचा प्रवासही मोठा आहे. जपानमध्ये ही यंत्रं १९६५ मध्ये अमेरिकेहून आली, तेव्हा फेरी १० ते २० येनची होती. १९७७ मध्ये बंदाईने १०० येनची यंत्रं आणली आणि कामाचा दर्जा वाढवला. १९८३ पासून कुस्तीगिरांच्या रबरी बाहुल्यांनी शाळकरी मुलांना वेड लावलं. आणि २०१२ मध्ये कितान क्लबने कपाच्या कडेला बसणारी कार्यालयीन गणवेशातली फुचिको नावाची छोटी बाई काढली, तेव्हा नोकरी करणाऱ्या बायका यंत्रांसमोर रांगा लावू लागल्या. त्यामुळे मुलांच्या दिवशी आईनेही तिथे नाणं टाकायला संकोच करू नये. तिच्या वयाच्या ग्राहकांसाठीच आता कितीतरी मालिका निघतात.

एक गोष्ट लक्षात असू द्या. बहुतेक मालिका एकदाच ठरावीक संख्येने निघतात, संपल्या की यंत्रात पुढची मालिका येते. ‘उद्या येऊन घेऊ’ हा विचार इथे फारसा उपयोगाचा नाही. आजच्या तीन-चार निवडींत मन लागलेलं यंत्र पहिलं ठेवा.

सनशाइन सिटीतच पोकेमॉन सेंटर मेगा टोकियो आहे. धाकट्याला तिथे नेलंत तर वेळेची मर्यादा आधीच सांगून ठेवा. मग परत फिरून ॲनिमेट. ॲनिमेटची सुरुवात १९८३ मध्ये इकेबुकुरोतच झाली आणि मुख्य दुकान २०२३ मध्ये बरंच वाढवून पुन्हा उघडलं. इथे सगळा माल नवा: मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, पारदर्शक अॅक्रिलिकच्या उभ्या प्रतिमा, किल्लीच्या साखळ्या, पत्र्याचे गोल बिल्ले, फाइली. मुलीचं पात्र अलीकडच्या ॲनिमेतलं असेल तर तिची पाऊण यादी इथेच पुरी होईल.

पण इथेही नशीब दबा धरून बसलेलं असतं. बिल्ले आणि लहान अॅक्रिलिकच्या वस्तू अनेकदा बंद, एकसारख्या पुड्यांत विकतात. पुडीत कोणतं पात्र आहे ते उघडेपर्यंत कळत नाही. पुडीवर दहा पात्रांची चित्रं छापली असतील तर तुम्ही दहात एक शक्यता विकत घेताय हे समजून घ्या. कुठलं पात्र आत आहे ते स्पष्ट लिहिलेलं असेल तेव्हाच निवडीच्या पाकिटाला हात लावा. अॅक्रिलिकच्या उभ्या प्रतिमा बहुधा पात्रानुसार सुट्या मिळतात आणि चपट्या असल्यामुळे वहीत ठेवून नेता येतात. पहिल्या खरेदीसाठी मी हीच वस्तू सुचवते.

ॲनिमेटपासून जवळच, सनशाइन सिटीच्या पश्चिमेच्या रस्त्याला ओतोमे रोड म्हणतात. मुली आणि बायका ज्या मालिकांवर जीव टाकतात, त्यांची दुकानं तिथे एकवटली आहेत. जुन्या वस्तू विकणाऱ्या के-बुक्सची विषयवार वेगवेगळी दुकानं या भागात आहेत. तिथे उघडलेल्या पुड्यांतले बिल्ले पात्रानुसार लावून, किंमत लिहून ठेवलेले असतात. मुलीला इथे अर्धा तास एकटीने, शांतपणे शोधू द्या. लोकप्रिय पात्राचा बिल्ला पुडीच्या किमतीहून महाग दिसेल, कमी लोकप्रिय पात्राचा १००-२०० येनलाही मिळेल. महाग वाटला तरी घ्यायला हरकत नाही. पुड्या फोडत बसण्यापेक्षा ते स्वस्तच पडतं आणि नको असलेले नऊ बिल्ले घरी येत नाहीत.

जेवण इकेबुकुरोतच उरका. शाकाहारी असाल तर रामेन आणि उदोन या नूडल्सच्या रश्शात मासे किंवा मांसाचा अर्क असतो हे धरून चाला, वरून भाज्याच दिसत असल्या तरी. इकेबुकुरोत आणि अकिहाबारातही भारतीय-नेपाळी उपाहारगृहं सहज सापडतात. पाठपिशवीत दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या असल्या तर खरेदीच्या दिवशी वेळ वाचतो. रस्त्यात चालताना मात्र खाऊ नका, सनशाइन सिटीत बसायला जागा आहे.

इकेबुकुरोहून अकिहाबाराला यामानोते लाइन थेट जाते, वीसेक मिनिटं लागतात. बाहेर पडताना ‘इलेक्ट्रिक टाउन’ लिहिलेलं दार शोधा. बाहेर आलात की समोरच रेडिओ काइकानची इमारत दिसते. नाव रेडिओचं आहे, कारण युद्धानंतर हा सगळा भाग रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार म्हणून वाढला. जुनी इमारत पाडून २०१४ मध्ये नवी उभी राहिली. आत जमिनीवरचे दहा मजले आहेत आणि फिगर, पत्ते, बाहुल्या, मॉडेलचे संच यांची दुकानं एकावर एक. लिफ्टने वर जा आणि सरकत्या जिन्याने एकेक मजला उतरत या, पाय कमी दुखतात.

इथे एक पद्धत पाहाल. काचेच्या लहान-लहान पेट्या, प्रत्येक पेटीवर क्रमांक आणि प्रत्येकीत वेगळ्याच माणसाचा माल. संग्राहक या पेट्या भाड्याने घेतात, आपल्याकडच्या जादा वस्तू स्वतः ठरवलेल्या किमतीला ठेवतात आणि दुकान विक्री सांभाळतं. सकाळी यंत्रात हुकलेलं पात्र सुटं सापडायची सगळ्यात चांगली जागा हीच. सकाळचा फोटो इथे कामाला येतो. एकाच वस्तूची किंमत दोन पेट्यांत वेगळी असू शकते, म्हणून पहिली दिसताच घेऊ नका, सगळा मजला फिरा. घासाघीस मात्र कुठेच करायची नाही. लिहिलेली किंमत तीच किंमत.

त्यानंतर मांदाराके कॉम्प्लेक्स, मुख्य रस्त्याच्या थोडं आत. २००८ पासूनची आठ मजल्यांची ही इमारत जुन्या वस्तूंसाठी आहे. इथल्या ‘जुन्या’ला घाबरू नका. जपानी दुकानदार वापरलेल्या वस्तूची तपासणी अतिशय काटेकोर करतात आणि दोष असेल तो पाकिटावर स्वतःच लिहितात. चार शब्द ओळखता आले की काम भागतं. ‘मिकाइफू’ म्हणजे न उघडलेलं. ‘काइफू-हिन’ म्हणजे उघडलेलं. ‘हाको-इतामी’ म्हणजे खोका दुमडलेला किंवा फाटलेला. ‘केप्पिन’ म्हणजे काहीतरी भाग कमी आहे. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करणारं ॲप हे चारही ओळखतं. माझा सल्ला: ‘हाको-इतामी’ दिसलं की आनंदाने घ्या. प्रवासात खोका तसाही दबणार आहे आणि किंमत त्याच कारणाने उतरलेली असते. ‘केप्पिन’ दिसलं की काय कमी आहे हे कळल्याशिवाय घेऊ नका.

फिगरच्या किमतींत फरक एवढा का, हे आई-वडिलांना नेहमी कोडं पडतं. शेजारी ठेवलेल्या दोन सारख्याच दिसणाऱ्या मूर्ती, एक १,५०० येनला, दुसरी १८,००० ला. पहिली क्रेन गेममध्ये बक्षीस म्हणून ठेवण्यासाठी बनलेली असते. अशा बक्षिसाची किंमत साधारण १,००० येनच्या आत ठेवायचं बंधन असल्याने रंगाचे थर कमी, तुकडे कमी. दुसरी १/७ किंवा १/८ प्रमाणातली, संग्राहकांसाठी बनवलेली: डोळ्यांची छपाई, केसांच्या टोकापर्यंत उतरत जाणारा रंग, कपड्यांच्या चुण्या, सगळं वेगळं. पण गेल्या काही वर्षांत बक्षिसाच्या फिगरचा दर्जा इतका सुधारला आहे की चौदा वर्षांच्या मुलीच्या टेबलासाठी तोच घ्या असं मी मनापासून म्हणेन. १,००० ते २,५०० येनमध्ये, खोक्यासकट, अस्सल. मध्ये नेंडोरॉइड नावाचा तिसरा प्रकार येतो: साधारण १० सेंटिमीटरची, मोठ्या डोक्याची, चेहरे आणि हात बदलता येणारी. २००६ पासून या निघतात. जागा कमी लागते आणि खेळताही येतं.

अस्सल हा शब्द मुद्दाम वापरला. आपल्याकडे रस्त्यावर आणि ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त फिगरांत नकलेचं प्रमाण मोठं आहे. डोळे तिरपे, रंगाला उग्र वास, सांधे ढिले. मुलीने आजवर तेच हाताळलं असेल तर इथला बक्षिसाचा फिगर हातात घेतल्यावर तिला स्वतःलाच फरक दिसेल.

हेच फिगर क्रेन गेममध्येही असतात, १०० येनला एक डाव. खेळून पाहायला हरकत नाही, पण नशिबाच्या पाकिटातून आणि मर्यादा ठरवून. जो फिगर पाचशे पावलांवरच्या दुकानात १,५०० ला मिळतोय त्याच्यासाठी ३,००० घालवू नका. एक माहीत असलेलं बरं: काही डाव हुकले की कर्मचाऱ्याला नम्रपणे सांगितलं तर तो अनेकदा खोका थोडा सोयीच्या जागी सरकवून देतो. इथे ते मान्य आहे, लाजायचं कारण नाही.

मुलाच्या गुंडामसाठी जुन्या दुकानात शोधाशोध नको. स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला योदोबाशीचं प्रचंड दुकान आहे, त्यातल्या खेळण्यांच्या मजल्यावर नवे संच छापील किमतीहून बहुधा कमी किमतीत असतात. दहा वर्षांच्या मुलाला एचजी, म्हणजे हाय ग्रेड, १/१४४ प्रमाणातला घ्या. आरजी त्याच मापाचा, पण तुकडे फार बारीक. एमजी १/१०० चा आणि बरीच चिकाटी मागणारा. एचजीला गोंद लागत नाही, भाग दाबून बसतात आणि एका दुपारी तो उभा राहतो. बरोबर प्लास्टिक कापायची छोटी पक्कड घ्या. ती चेक-इनच्या बॅगेतच ठेवा, हातातल्या सामानात नको.

आई-वडिलांनी आधीच जाणून असावं असं एक. अकिहाबारातल्या बऱ्याच इमारतींत काही मजले फक्त प्रौढांसाठीचे असतात. जिन्याजवळ किंवा लिफ्टमध्ये १८ चा आकडा आणि त्यापुढे एक चिनी अक्षर लाल रंगात असतं. तो मजला सोडून द्यायचा. मुलांना लिफ्टमधून एकटं धाडू नका, एवढी काळजी पुरते.

आता नाकानो. तुमच्या घरात ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या वस्तूंची आवड असणारं कुणी असेल, किंवा दिवस हाताशी जास्त असेल, तर दुसऱ्या एखाद्या दुपारी तिथे जा. स्टेशनसमोरच्या छत असलेल्या बाजारगल्लीतून सरळ चालत गेलं की नाकानो ब्रॉडवे लागतं. १९६६ ची ही इमारत, खाली दुकानं आणि वर राहती घरं. १९८० मध्ये फुरुकावा मासुझो या मांगाकाराने इथे जुन्या मांगाचं दोन-चार माणसंच मावतील एवढं दुकान काढलं, तेच मांदाराके. आज त्याची दोन डझनांहून जास्त छोटी दुकानं या इमारतीत विखुरली आहेत: एकात फक्त पत्र्याची खेळणी, एकात सेल, म्हणजे जुन्या ॲनिमेतल्या हाताने रंगवलेल्या पारदर्शक पट्ट्या, एकात फक्त रेल्वेच्या वस्तू. अकिहाबारात खरेदी होते, नाकानोत पाहणं होतं. दुकानं दुपारी बारानंतरच उघडतात आणि बुधवारी बरीचशी बंद असतात. निशी-कासाईत नातेवाइकांकडे उतरणार असाल, आणि टोकियोतली बरीच मराठी कुटुंबं त्या बाजूला राहतात, तर तोझाई लाइन निशी-कासाईहून नाकानोला गाडी न बदलता नेते. ब्रॉडवेच्या तळघरात डेली चिको नावाच्या दुकानात आठ चवींचं एकावर एक रचलेलं आइसक्रीम मिळतं, मुलांना ते दाखवा.

पैशांचं. दोन मुलांच्या दिवसासाठी माझा अंदाज असा: नशिबाचं पाकीट प्रत्येकी ४,००० येन, म्हणजे कॅप्सूलच्या आठ-दहा फेऱ्या आणि क्रेनचे चार-पाच डाव. निवडीचं पाकीट मुलीसाठी ८,००० ते १०,०००, मुलासाठी ५,०००. जेवण आणि गाडीभाडं वेगळं. नशिबाच्या पाकिटात सकाळीच नाणी भरून ते मुलांच्याच हातात द्या. नाणी संपली की संपली. निवडीच्या पाकिटातून त्यात भर घालायची नाही, पण उलटं चालेल: नशिबाचे उरलेले पैसे निवडीत टाकायला पूर्ण मुभा. मुलं हा नियम किती पटकन उचलतात हे पाहून मला दर वेळी बरं वाटतं.

पासपोर्ट प्रत्येकाने स्वतःचा मूळ जवळ ठेवा. पर्यटकाला १० टक्के उपभोग कर माफ असतो, पण त्यासाठी एका दुकानात एका दिवशी करापूर्वीची खरेदी ५,००० येन किंवा जास्त व्हावी लागते. म्हणून फिगर, बिल्ले आणि मांगा पाच दुकानांतून थोडं-थोडं घेण्यापेक्षा एकाच दुकानात एकत्र पावती केलेली बरी. ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत हा कर दुकानातच वजा होतो. १ नोव्हेंबर २०२६ पासून कर आधी भरायचा आणि देश सोडताना विमानतळावर सीमाशुल्काची नोंद करून परत मिळवायचा, अशी पद्धत आहे. तुमचा प्रवास त्यानंतरचा असेल तर विमानतळावर वेळ जास्त ठेवा आणि त्या वस्तू बॅगेत अगदी तळाशी कोंबू नका. यंत्रांत टाकलेल्या नाण्यांवर अर्थातच कसलीही सूट नाही. सगळ्या पावत्या एका लिफाफ्यात ठेवा, मुंबई-पुण्याला उतरल्यावर कुणी विचारलं तर किंमत दाखवता येते.

घरी नेण्याबद्दल. फिगरचा खोका फेकू नका, आतला पारदर्शक साचाच त्याचं खरं संरक्षण आहे. खोका कपड्यांच्या मधोमध, चारही बाजूंनी मऊ काहीतरी लावून, कडक सुटकेसमध्ये. नेंडोरॉइड आणि एचजी गुंडामचे खोके चौकोनी आणि टणक असतात, त्यांच्यातल्या फटींत मोजे भरा. कॅप्सूलच्या झिप पिशव्या बुटांच्या आत मावतात.

घरी पोचल्यावर तलवार किंवा काठी वाकलेली दिसली तर घाबरू नका. हे फिगर पीव्हीसीचे असतात, उष्णतेने वाकतात आणि उष्णतेनेच सरळ होतात. तो भाग सुटा करून हाताला सोसेल त्याहून थोड्या गरम पाण्यात अर्धा मिनिट धरा, सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात बुडवा. उकळतं पाणी वापरू नका, रंग जातो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काही महिन्यांनी फिगर चिकट लागायला लागतो. ते प्लास्टिकमधलं मऊपणासाठी घातलेलं द्रव्य वर येण्याने होतं. भांड्यांच्या सौम्य साबणाचे दोन थेंब कोमट पाण्यात घालून मऊ ब्रशने हलकेच धुवा आणि सावलीत वाळवा. खिडकीतलं ऊन लागेल अशा कपाटावर फिगर ठेवू नका, रंग उडतो. आणि बंद काचेच्या कपाटात ठेवणार असाल तर अधूनमधून दार उघडून हवा खेळू द्या, चिकटपणा कमी येतो.